आधी प्लेअरला विचारा, मग व्हिडिओ उतरवा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच सांगता येईल. बाबा ७४ वर्षांचे. वर्षातले सात-आठ महिने काटोलकडच्या शेतावर असतात, तिथे मोबाइलला धड रेंज नाही. टच मोबाइल त्यांना नकोच, म्हणून तुम्ही बटणांचा, ४.३ इंची पडद्याचा मीडिया प्लेअर आणि ३२ जीबीचं कार्ड घेऊन दिलं. त्यांना पाहायची आहेत कीर्तनं आणि खंजिरी भजनं. तक्रारी चार. भाच्याने गावच्या सप्ताहात मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओंचा आवाज येतो, पडदा मात्र काळा. काही व्हिडिओ अडखळत चालतात. मंडळाच्या कॅमेरावाल्याने दिलेलं तीन तासांचं कीर्तन कार्डावर कॉपीच होत नाही. आणि यूट्यूबच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेलं कार्डात शोधूनही सापडत नाही. शेवटी विचारलंय, "दादा, चांगलं डाउनलोडर कोणतं?"

नागपुरात बर्डीवर माझं छोटं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि दर वेळी डाउनलोडरपासूनच सुरू होतो. गाडी चुकते ती तिथेच. तुमच्या चारपैकी तीन तक्रारींचा डाउनलोडशी काडीचा संबंध नाही. आपला प्लेअर काय पचवतो ते आधी बघायचं, आणि तिथून उलट्या पावली व्हिडिओपर्यंत यायचं. या क्रमाने गेलात तर अर्धा दिवस वाचतो आणि इंटरनेटवरचा अर्धा कचरा लॅपटॉपवर येत नाही.

काळा पडदा आधी घेऊ. प्लेअरच्या खोक्यावर एमपीफोर लिहिलेलं, फाइलच्या नावाच्या शेवटीही एमपीफोर, मग चालायला हरकत काय? हरकत अशी की एमपीफोर हा नुसता डबा आहे. बाहेरून सगळे डबे सारखे. आत वरण आहे की सावजी रस्सा, ते झाकण काढल्यावरच कळतं. आतला माल म्हणजे कोडेक : चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय आणि आवाज कोणत्या. तुमच्या प्लेअरसारख्या स्वस्त यंत्रात चित्र उलगडण्याचं काम एक ठरावीक चिप करते. तिला २००३ साली आलेलं एच.२६४ कळतं. २०१३ साली आलेलं एच.२६५, ज्याला एचईव्हीसी म्हणतात, ते तिला कळत नाही, आणि अपडेट करून शिकवताही येत नाही. आजचे बरेच मोबाइल जागा वाचवायला एचईव्हीसीमध्येच शूटिंग करतात. आवाज मात्र साध्या एएसीमध्ये असतो, तो प्लेअरला समजतो. म्हणून टाळ-मृदंग ऐकू येतात आणि बुवा दिसत नाहीत.

खात्री कशी करायची? लॅपटॉपवर व्हीएलसी टाका. फुकट आहे, पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेलं, आणि मी डोळे मिटून भरवसा ठेवतो अशा मोजक्या प्रोग्रामपैकी एक. त्यात फाइल चालू करून कंट्रोल आणि जे दाबा. एक खिडकी उघडेल, तिथे चित्राचा कोडेक, मोजमाप, सेकंदाला किती फ्रेम, आवाजाचा कोडेक, सगळं लिहिलेलं असतं. एच.२६४ किंवा एव्हीसी दिसलं तर बरं. एचईव्हीसी, व्हीपी९ किंवा एव्ही१ दिसलं तर ती फाइल रूपांतर केल्याशिवाय तुमच्या प्लेअरवर चालणार नाही, कितीही वेळा कॉपी करा. उलटा प्रकारही होतो : चित्र येतं, आवाज नाही. तेव्हा आवाजाच्या रकान्यात बहुतेक ओपस किंवा एसी३ असतं.

भाच्याला एक निरोप द्या. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शूटिंगचा प्रकार बदलता येतो. आयफोन असेल तर फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायचं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एचईव्हीसीचं बटण बंद करायचं. सेकंदाला ६० फ्रेम न ठेवता ३० ठेवायच्या. आणि पोरा, मोबाइल आडवा धर रे! उभं शूटिंग छोट्या प्लेअरवर बहुतेक वेळा आडवं पडलेलं दिसतं. फाइलमध्ये "मला उभं करून दाखवा" अशी नुसती खूण असते, ती मोबाइलला कळते, स्वस्त प्लेअर तिच्याकडे बघतही नाही.

अडखळण्याचं कारण बहुधा वजन. पडद्यावर ठिपके ४८० गुणिले २७२ आणि व्हिडिओ १९२० गुणिले १०८०. चिप बिचारी एवढं मोठं चित्र उलगडून पुन्हा लहान करत बसते आणि दमते. त्या जादा ठिपक्यांतला एकही बाबांच्या डोळ्यापर्यंत पोचत नाही, म्हणजे जागा गेली, बॅटरी गेली, हाती काही नाही.

कॉपी न होण्याची भानगड सगळ्यात सोपी आहे, पण लोक तिच्यापायी कार्डं बदलत बसतात. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेली येतात, आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. कार्डावर २५ जीबी मोकळी असली तरी ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही. तुमचं कीर्तन ५.४ जीबीचं आहे म्हणता. हिशेब सोपा आहे : सेकंदाला १ मेगाबिट म्हणजे तासाला ४५० एमबी. तुमची फाइल सेकंदाला सरासरी ४ मेगाबिट खाते, तीन तासांचे झाले ५.४ जीबी. कोणी सांगेल की कार्ड एक्सफॅटने फॉरमॅट करा, मर्यादा जाईल. मर्यादा जाईल हे खरं, पण मग जुन्या धाटणीचा प्लेअर कार्डच ओळखणार नाही आणि "फॉरमॅट करू का?" असं विचारेल. ६४ जीबीचं कार्ड घेतलंत तरी हीच अडचण, ती कार्डं एक्सफॅटचीच येतात. तुमचं ३२ जीबीचं आहे तेच बरोबर आहे, राहू द्या.

म्हणजे पहिल्या तिन्ही तक्रारींवर औषध एकच : व्हिडिओ प्लेअरच्या मापाचा करून घेणं. मी त्यासाठी हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. तेही फुकट, पण त्याच्या स्वतःच्या अधिकृत साइटवरूनच घ्या; नावाची नक्कल करणाऱ्या साइट आहेत. फाइल त्यात ओढून टाका. तयार मापांच्या यादीत 'फास्ट ४८०पी३०' निवडा, डबा एमपीफोर ठेवा. डायमेन्शन्समध्ये रुंदी ४८० करा, उंची ते आपोआप जुळवतं. व्हिडिओच्या पानावर एच.२६४, फ्रेमरेट २५ किंवा ३०, आणि त्याच्या खाली 'कॉन्स्टंट' हा पर्याय. याकडे लोक लक्ष देत नाहीत. मोबाइल शूटिंग करताना उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो. लॅपटॉपला ते सांभाळता येतं, छोट्या प्लेअरला नाही. मग तासाभराने बुवांचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. कॉन्स्टंट केलं की हा त्रास जातो. प्रोफाइल, म्हणजे एच.२६४ चा पोटप्रकार, 'बेसलाइन' हा सगळ्यात साधा ठेवा, लेव्हल ३.०. क्वालिटीचा आकडा २३ किंवा २४. इथे आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी, हे उलटं गणित लक्षात असू द्या. एक बुवा उभे आहेत, मागे तोच पडदा आणि तेच टाळकरी, अशा चित्राला २४ पुष्कळ झालं.

आवाजाच्या पानावर एएसी, स्टिरिओ, आणि तिथेच आवाज वाढवायची 'गेन' नावाची खिट्टी आहे. सप्ताहातलं रेकॉर्डिंग लांबून केलेलं असतं, प्लेअरचा स्पीकर रुपयाच्या नाण्याएवढा, आणि ऐकणारे ७४ वर्षांचे. गेन ५-६ वर नेऊन बघा. जास्त नेलं तर मृदंगाची थाप फाटल्यासारखी येते.

सगळ्या फायली लगेच रांगेला लावू नका. हँडब्रेकमध्ये व्हिडिओचा एखादाच तुकडा घेता येतो. कुठून कुठपर्यंत ते सेकंदांत द्यायचं. एक मिनिटाचा तुकडा करा, कार्डावर टाका, प्लेअरवर लावा. चित्र, आवाज, पुढे-मागे करणं, सगळं ठीक असेल तरच बाकीच्या फायली 'क्यू'मध्ये टाकून रात्री चालू करून झोपा. हे मी स्वतःचं नुकसान करून शिकलो. एका गिऱ्हाइकाच्या चाळीस फायली रात्रभर रूपांतरित केल्या आणि सकाळी कळलं की त्यांच्या प्लेअरला एमपीफोर चालतच नाही, फक्त एव्हीआय नावाचा जुना डबा. पोरगं समोर बसून तर्री-पोहे खात होतं आणि मी खाली मान घालून पुन्हा पहिल्यापासून.

तुमचाही प्लेअर तसाच निघाला तर हँडब्रेकचा उपयोग नाही, त्याने एव्हीआय देणं केव्हाच बंद केलंय. तेव्हा एव्हीडीमक्स हा दुसरा प्रोग्राम घ्या, चित्राचा कोडेक एक्सव्हिड, आवाजाचा एमपी३. त्याहून जुन्या बारीक पडद्याच्या प्लेअरना एएमव्ही नावाचा वेगळाच प्रकार लागतो. त्याचा कन्व्हर्टर सोबतच्या सीडीवर येत असे, आणि ती सीडी कोणाच्याच घरी सापडत नाही.

या मापाने केलेला व्हिडिओ सेकंदाला साधारण ०.६ मेगाबिट खातो. तासाला २७० एमबी. तुमचं ५.४ जीबीचं कीर्तन ८०० एमबीच्या आसपास येईल आणि ३२ जीबीत शंभरावर तास बसतील. विंडोज त्या कार्डावर २९.८ जीबीच दाखवेल, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

आता चौथी तक्रार, यूट्यूबची. ॲपमधलं डाउनलोड तुम्ही ज्याला डाउनलोड म्हणता तसं नसतं. ती कुलूपबंद प्रत असते, त्याच ॲपमध्ये, त्याच खात्यावर चालणारी, आणि फोन महिन्यातून एकदा तरी इंटरनेटला जोडावा लागतो. सिनेमा-मालिकांच्या ॲपचंही तेच. काही कार्यक्रम तर एकदा चालू केले की ४८ तासांत संपतात. ती फाइल कार्डावर नेऊन दुसऱ्या यंत्रावर लावता येत नाही, कारण तसं होऊ नये म्हणूनच ती तशी केलेली आहे. आणि यूट्यूबच्या अटींप्रमाणे त्यांनी दिलेल्या सोयीशिवाय व्हिडिओ उतरवायला परवानगी नाही. कुलपं तोडण्याचा प्रकार आणखी वेगळा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आलं, त्यात दुसऱ्याच्या हक्कांवर गदा आणण्यासाठी असं तांत्रिक कुलूप तोडणं हा गुन्हा ठरतो. म्हणून "चांगलं डाउनलोडर" मी सांगत नाही. दुसरं कारण माझ्या दुकानातलं : लिंक चिकटवा आणि व्हिडिओ घ्या म्हणणाऱ्या साइटवर चार हिरवी बटणं असतात, त्यांतली तीन खोटी. एखादं दाबलं की ब्राउझर नोटिफिकेशनची परवानगी मागतो, माणूस घाईत 'अलाउ' करतो, आणि दुसऱ्या दिवसापासून "तुमच्या संगणकात व्हायरस आहे" अशा पाट्या कोपऱ्यातून येत राहतात. तसं झालंच असेल तर घाबरू नका, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढून टाका. नव्वद टक्के वेळा तेवढंच असतं, आणि लोक पैसे देऊन फॉरमॅट मारून घेतात.

मग कीर्तनं आणायची कुठून? विचारून. मी हसत नाहीये. कीर्तनकार, भजनी मंडळं आपले कार्यक्रम स्वतःच चढवतात, खाली फोन नंबर दिलेला असतो. त्यांना सरळ मेसेज टाका : "बाबा ७४ वर्षांचे आहेत, शेतावर नेटवर्क नाही, तुमचं अमुक कीर्तन त्यांच्या छोट्या प्लेअरवर टाकायचंय, परवानगी द्याल का, आणि मूळ फाइल मिळेल का?" माझ्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी हे केलं त्यांना नकार क्वचितच मिळाला. एका मंडळाने तर "पेनड्राइव्ह घेऊन या, मागची पाच वर्षं भरून देतो" असं सांगितलं, वर चहा पाजला. मूळ फाइल हाती आली म्हणजे यूट्यूबने पुन्हा दाबून बारीक केलेल्या प्रतीपेक्षा आवाज नक्कीच चांगला, आणि खंजिरीच्या चकत्यांची किणकिण ऐकायची असेल तर हा फरक कळतो.

उघडपणे उतरवून घ्यायला दिलेला मालही भरपूर आहे. इंटरनेट आर्काइव्ह हा जुन्या-नव्या फायलींचा मोफत ऑनलाइन संग्रह १९९६ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक व्हिडिओच्या पानावर डाउनलोडचे पर्याय लिहिलेले असतात. एच.२६४ चा एमपीफोर दिसला तर तो घ्या. जुन्या काही व्हिडिओंना '५१२केबी एमपीईजी४' असा एक पर्याय असतो, तो मोठ्या पडद्यावर गचाळ दिसतो पण चार इंचांवर छान. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे जुने बोलपट तिथे मिळतात. मात्र कोणीही काहीही चढवलेलं असतं, साल बघूनच हात लावा. विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या भावंड साइटवरचे व्हिडिओ बहुतेक वेबएम डब्यात असतात, ते रूपांतर केल्याशिवाय तुमच्या प्लेअरवर चालणार नाहीत. घरात कोणी इंजिनीअरिंगला असेल तर आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल उपक्रमाची व्याख्यानं त्यांच्या साइटवरूनच उतरवता येतात. गडचिरोलीकडची पोरं सुट्टीत घरी जाण्याआधी माझ्याकडे कार्डं भरून नेतात ती हीच.

एक प्रश्न मात्र तुम्ही विचारला नाहीत, तो मी विचारतो. बाबा कीर्तन बघतात की ऐकतात? माझे वडील प्लेअर उशाशी ठेवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. तसं असेल तर व्हीएलसीच्या 'कन्व्हर्ट'मध्ये एमपी३ चा पर्याय निवडून नुसता आवाज काढून घ्या. बोलण्यासाठी ६४ केबीपीएस पुरतं, तासाला २९ एमबीदेखील होत नाही, आणि पडदा बंद राहिल्यामुळे बॅटरी कितीतरी जास्त चालते. शेतात लाइट कधी येईल याचा नेम नसताना ही मोठी गोष्ट आहे. खंजिरी भजनं व्हिडिओत, कीर्तनं आवाजात, असे दोन फोल्डर केलेत तर दोन्ही साधेल.

फोल्डर आणि फाइलची नावं रोमन अक्षरांत लिहा. देवनागरी नाव छोट्या प्लेअरवर चौकटी-चौकटी होऊन दिसतं. सुरुवातीला दोन आकडी क्रमांक द्या, पण त्यावर विसंबू नका. स्वस्त प्लेअर फायली नावाच्या क्रमाने दाखवत नाहीत, ज्या क्रमाने कार्डावर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने दाखवतात. एकदम पन्नास फायली ओढल्या की तो क्रम कसाही होतो, आणि मग सप्ताहातला काल्याचा दिवस पहिल्या दिवसाच्या आधी लागतो. कार्ड रिकामं करून एकेक फाइल क्रमाने टाका. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं.

कार्ड खरं आहे का तेही बघून घ्या. रस्त्यावर ५१२ जीबी म्हणून मिळणारी बरीच कार्डं आतून ८ किंवा १६ जीबीची असतात. त्यांना खोटं बोलायला शिकवलेलं असतं : कॉपी पूर्ण झाली असं दाखवतात आणि मर्यादेपुढचं सगळं हवेत. मी स्वतः एकदा असं कार्ड घेऊन आलो होतो, दुकानदार असूनही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा लहानसा प्रोग्राम पूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचून बघतो. ३२ जीबीला वेळ लागतो, लागू द्या. आणि कार्ड काढताना दर वेळी 'सेफली रिमूव्ह' करा. फॅट३२ची वही, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद, अर्धवट लिहिलेली राहिली तर फायली असूनही दिसत नाहीत.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली आणि बंद गाडीत त्याहूनही जास्त. लिथियमची बॅटरी त्यात फुगते. प्लेअर गाडीत किंवा खिडकीत राहू देऊ नका, चार्जिंग सकाळी लवकर किंवा रात्री. कूलरवर ठेवू नका हे वेगळं सांगायला नको, पण तीन प्लेअर माझ्याकडे तसेच पाणी जाऊन आलेत. बाबांसाठी त्याच फायली भरलेलं दुसरं कार्ड एका डबीत घालून ठेवा. एक बिघडलं तर काटोलहून बर्डीपर्यंत यायला नको.

आता एवढं करा : भाच्याच्या काळ्या पडद्याच्या फाइलवर व्हीएलसीत कंट्रोल-जे दाबून त्या खिडकीचा फोटो काढा, आणि प्लेअरच्या पाठीमागचा मॉडेल नंबर, दोन्ही मला पाठवा. बेसलाइन प्रोफाइल लागेल की त्याच्या वरचं 'मेन' चालेल, ते त्यावरून सांगतो.